वरचे काका आणि मागच्या खोलीतले इंटरनेट

वरच्या मजल्यावरचे काका खाली येऊन दिवाणखान्यात बसले, की मागच्या खोलीतले इंटरनेट बंद पडत असे. काका उठून गेले, की ते सुरू होत असे.

ज्या घरात हे घडत होते, त्या घरातले गृहस्थ रंगाच्या कारखान्यात तपासनीस होते. पत्र्याच्या तुकड्यांवर रंग फासून तो किती वेळात वाळतो, कशाने सोलतो आणि उन्हात कधी फिका पडतो, हे पाहण्याचा त्यांना पगार मिळे. पाहिल्यावाचून विश्वास ठेवायचा नाही आणि एकदाच पाहून तर मुळीच ठेवायचा नाही, ही सवय त्यांना तिथे जडली. कोणी काहीही सांगितले, की त्यांचा पहिला शब्द असे : "कशावरून?" साहजिकच इमारतीतले लोक त्यांना कशावरूनराव म्हणत. लग्न ठरताना मुलीच्या मावशीने "मुलगी गुणी आहे हो" असे सांगितले, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न केला होता. ही हकीकत त्यांची पत्नी अजून पाहुण्यांना सांगे. हसत सांगे, पण विसरत नसे.

घरात इंटरनेटची वायर घालण्यामागचे कारण मात्र असे होते, की त्याला कशावरूनरावांनीही पुरावा मागितला नाही. पत्नी भाषांतराचे काम करी. वर्षानुवर्षे ती औषधांच्या खोक्यांतले कागद एका भाषेतून दुसरीत नेत होती. "बाटली हलवून घ्यावी", "मुलांच्या हाती लागू देऊ नये". इतकी वर्षे बाटल्या हलवल्यावर तिला आता माणसांशी बोलायचे होते. रुग्णालयांना दुभाषे पुरवणाऱ्या एका संस्थेने तिला चाचणीसाठी निवडले होते. रुग्ण एका भाषेत दुखणे सांगणार, डॉक्टरला दुसरीच येणार, आणि पडद्यावर दोघांच्या मध्ये ही. संस्थेची अट एकच : जोडणी तारेची हवी आणि संभाषणात खंड पडता कामा नये. चाचणीत खंड पडला, तर फेरचाचणी नाही.

तिची कामाची जागा मागच्या खोलीत, आणि इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, दिवाणखान्यात. मधल्या भिंती ओलांडून वायफाय मागे पोचेपर्यंत त्याला धाप लागे. तेव्हा दिवाणखान्यातून मागच्या खोलीपर्यंत वायर न्यायची, असे ठरले.

"कोणाला तरी बोलावू या," पत्नी म्हणाली.

"कशाला? आठ तारा आहेत. प्रत्येकीचा रंग वेगळा. आणि रंग हा माझा विषय आहे."

एवढे बोलून कशावरूनराव परवानगी काढायला गेले. भिंतीला भोक पाडायचे, तर इमारतीच्या चिटणीसांची परवानगी लागे. चिटणीसांनी चष्मा कपाळावर चढवला.

"भोक कशासाठी?"

"इंटरनेटच्या वायरीसाठी."

"अर्जात रकाने तीनच. टीव्ही, टेलिफोन आणि एसी."

"खाली 'इतर' आहे की."

"'इतर'ला सभा लागते. सभेला माणसं लागतात. मागची सभा माणसं नाहीत म्हणून तहकूब केली, ती अजून तहकूबच आहे. तुम्ही असं करा, टीव्ही लिहा."

"पण तो टीव्ही नाही."

"कशावरून?" चिटणीस म्हणाले.

आपला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची कशावरूनरावांना सवय नव्हती. त्यांनी मुकाट्याने टीव्ही लिहिले.

पहिले भोक दिवाणखान्याच्या दाराआडच्या भिंतीत पाडायचे होते. ही जागा आईंनी, म्हणजे कशावरूनरावांच्या मातोश्रींनी, मुक्रर केली होती. "काय पेट्या ठोकायच्या त्या दाराआड ठोक. आल्यागेल्याला दिसता कामा नयेत." दिवाणखान्यातून बोळात जाणारे ते दार दिवसभर उघडे असे. त्याच्या बिजागऱ्या किंचित कललेल्या असल्यामुळे ते स्वभावानेच मागे रेले आणि त्याच्याआड उभी ठेवलेली घडीची लाकडी खुर्ची त्याला थोपवून धरी.

कशावरूनरावांनी जमिनीलगत ड्रिल लावले. आतून लोखंड लागले. वीतभर वर लावले, पुन्हा लोखंड. घर बांधणाऱ्याने बाकी सगळीकडे केलेली काटकसर नेमकी इथे भरून काढली होती. अखेर कमरेच्याही वर भिंत नरमली, ड्रिल सरकन आत गेले आणि पलीकडे बोळातल्या कपाटात निघाले. परत आले तेव्हा त्याच्या टोकाला आईंची लोकरीची शाल गुंडाळलेली होती.

"माझ्या शालीवर का रे घसरलास?" आई म्हणाल्या. "मी तुला भिंत दाखवली होती, भिंत!"

"आई, कपाट भिंतीला चिकटून आहे, हे मी हिशेबात धरलं नव्हतं."

"शाळेत पण तू हेच सांगायचास."

याच सुमारास वरचे काका खाली आले. ते केव्हाच नळखात्यातून निवृत्त झाले होते. नळखाते त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. कशावरूनरावांची आरामखुर्ची ही त्यांची ठरलेली जागा, कारण सोफ्यावर एकदा बसले की गुडघे त्यांना उठू देत नसत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. म्हणून कशावरूनराव दाराआडची घडीची खुर्ची काढून त्यांच्या उजव्या बाजूला मांडून बसत. हा रिवाज इतका जुना होता, की तो रिवाज आहे हेही कोणाच्या लक्षात उरले नव्हते.

"वायरीला उतार दिलास ना?" काकांनी विचारले.

"काका, वायरीला उतार लागत नाही. त्यातून पाणी वाहत नाही."

"मग काय वाहतं?"

"संदेश."

"वाहतं ना? मग उतार हवा. नाहीतर मध्ये हवा धरते." त्यांनी भिंतीतल्या भोकाकडे समाधानाने पाहिले. "तरी बरं, भोक उंचावर पाडलंस. उतार आपोआप मिळाला. तुझ्या हाताला अक्कल आहे. डोक्याचं नंतर बघू."

कशावरूनरावांनी या विधानाचा प्रतिवाद मनात केला. तो फार सुंदर होता; पण काकांचा उजवा कान त्या वेळी चहाच्या कपाच्या आवाजाकडे लागला होता.

पुढचे काम वायरीच्या टोकांना प्लग बसवण्याचे. आठ केसाएवढ्या तारा ठरावीक क्रमाने प्लगच्या आठ खाचांत सारायच्या आणि पकडीने दाबायच्या. पत्नीने फोनवर पाहून क्रम वाचायचा आणि कशावरूनरावांनी तारा लावायच्या, असे ठरले.

"पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा..."

"हा निळा नाही. याच्यात जांभळ्याची झाक आहे."

"अहो, निळाच म्हणतात त्याला."

"कोण म्हणतं?"

"वायर बनवणारे म्हणतात! तुम्ही लावा."

दोन्ही टोके बसली, आणि इंटरनेट आले नाही. दिवसभर शोध घेतल्यावर कळले, की एका टोकाचा प्लग त्यांनी पोटाकडून पाहत भरला होता आणि दुसऱ्याचा पाठीकडून. त्यामुळे क्रम बिनचूक असूनही उलटा झाला होता.

"मी सांगितलं ते बरोबर होतं ना?" पत्नीने विचारले.

"बरोबर होतं."

"तेवढंच. दुभाष्याची जबाबदारी तिथे संपते."

नवे टोक बसवले. दिवाणखान्यातल्या भिंतीवर, दाराआड, एक छोटी पांढरी पेटी बसली. राउटरपासून आलेल्या आखूड वायरीचा प्लग तिच्यात खोचला गेला आणि राउटरवर हिरवा दिवा लागला. मागच्या खोलीतून पत्नी ओरडली, "आलं!" आई म्हणाल्या, "माझी शाल?" कशावरूनरावांनी कमरेवर हात ठेवून हिरव्या दिव्याकडे पाहिले. विजयी सेनापती घोड्यावर बसलेला असतो म्हणून शोभून दिसतो; भिंतीचा चुना नखांत भरलेला मनुष्य स्टुलावरही तेवढाच शोभतो, असे त्यांचे त्या क्षणी प्रामाणिक मत झाले.

काम पाहायला काका आले. आरामखुर्चीत बसले. कशावरूनरावांनी घडीची खुर्ची काढून त्यांच्या उजव्या हाताला मांडली आणि "पाहिलंत ना काका, उताराशिवाय..." इथवर ते आले, तोच मागून आवाज आला :

"गेलं!"

काका चहा पिऊन गेले. खुर्ची जागेवर गेली.

"आलं!"

दुसऱ्या दिवशी हेच झाले. तिसऱ्या दिवशीही हेच झाले. आईंनी निकाल देऊन टाकला.

"काही माणसांचं असतंच तसं. मागे हेच भावोजी आले आणि आपला मिक्सर गेला, आठवतं?"

"आई, मिक्सर जुना होता."

"जुना होता, पण गेला ते आल्यावरच ना?"

कशावरूनरावांना संताप आला. तो इंटरनेट बंद पडण्याचा नव्हता, तर त्यामागच्या कारणाच्या दर्जाचा होता. माणसाच्या येण्याने तार तुटते, हे विधान आपल्या घरात, आपल्या भिंतीत, आपल्या हाताने घातलेल्या वायरीबाबत खरे ठरावे, यापेक्षा त्यांनी आपण स्वतः सोललेला रंग असणे पत्करले असते.

त्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली. फोनवरची मुलगी अतिशय नम्र होती.

"सर, नेमकी अडचण सांगाल?"

"वरचे शेजारी आले की बंद पडतं."

"म्हणजे शेजारी आपलं इंटरनेट वापरतात का सर?"

"नाही. ते नुसते बसतात."

मुलीने काहीतरी टाइप केले. "सर, ते बसतात तेव्हा राउटर बंद करून परत चालू करून पाहिलात का?"

"राउटर चालूच असतो. शेजारी बंद करता येत नाहीत."

तक्रार मिटल्याचा संदेश संध्याकाळच्या आत आला. मग विजेचे काम करणारे मिस्त्री आले. त्यांनी सगळी बटणे दाबून पाहिली, सगळे चालू असल्याचे सांगितले, "अर्थिंग बघावं लागेल" असे म्हणाले आणि अर्थिंग न बघता गेले. त्या वेळी काका वर होते.

तेव्हा कशावरूनरावांनी शास्त्राचा आश्रय घेतला. काकांऐवजी काकांएवढे वजन आरामखुर्चीत ठेवून पाहायचे ठरले. आधी पुस्तकांचे गठ्ठे ठेवले. काही झाले नाही. मग स्वतः पत्नी येऊन बसली. कशावरूनराव राउटरसमोर उभे राहिले.

"हिरवाच आहे," ते म्हणाले. "हल जरा. खोक. उताराबद्दल काहीतरी बोल."

"मला मेलीला बसवून ठेवलंय! परवा चाचणी आहे माझी, आणि तुम्ही मला काका करून बसवताय!"

तिच्या आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. कशावरूनरावांनी ते ओळखले. सोललेल्या रंगाखालचा पत्रा ओळखावा, तसे ओळखले. उरलेला एकच प्रयोग करणे भाग होते. काकांना चहाचे आमंत्रण गेले. काका आले, बसले, कशावरूनरावांनी खुर्ची ओढून उजव्या बाजूला घेतली, मागून आवाज आला : "गेलं!" कशावरूनराव म्हणाले, "काका, जरा वर जाऊन येता का?"

"वर? आत्ता तर आलो."

"फक्त जाऊन यायचं."

काका कष्टाने उठले, खुर्ची दाराआड गेली, "आलं!" झाले, काका परत आले, खुर्ची बाहेर आली, "गेलं!" झाले. दुसऱ्या फेरीला काकांनी जिन्यात थांबून मागे वळून पाहिले.

"अरे, तू मला बोलावलंस ते चहाला की चाचणीला?"

आईंनी सगळे सांगून टाकले. काकांनी एकदा राउटरकडे पाहिले. मग उजवा कान चोळत म्हणाले, "सूनबाईचं काम माझ्यापायी अडत असेल, तर मी येत नाही. चाचणी होईपर्यंत पायरी उतरणार नाही. शब्द आहे." ते गेले. चहा तसाच राहिला. कशावरूनरावांना वाटले, की आपण मोजमाप केले ते नक्कीच कशाचे तरी, पण काकांचे नव्हे. हे वाटणे पुराव्याने सिद्ध होत नव्हते, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नाही.

चाचणीचा दिवस उजाडला. कशावरूनरावांनी रजा घेतली. पत्नी मागच्या खोलीत दार लावून बसली. तिचा आवाज बारीक पण स्वच्छ येत होता. छातीत कळ येणाऱ्या कोणा आजीबाईंचे म्हणणे ती डॉक्टरांना सांगत होती आणि डॉक्टरांचे आजीबाईंना. कशावरूनराव राउटरसमोर बसून हिरव्या दिव्याकडे पाहत होते. रंग वाळताना ते असेच पाहत.

तेवढ्यात बाहेरून दबका आवाज आला.

"कशावरूनराव! मी उंबऱ्याबाहेर आहे हां. आत येत नाही. वर जीव लागेना. चालू आहे ना?"

कशावरूनराव अर्धवट उठले. त्यांनी दिव्याकडे पाहिले. हिरवा. काका दारात उभे होते, गुडघे सांभाळत, एक हात कठड्यावर. दिवा हिरवाच होता. ते तिथे चांगली दोन मिनिटे उभे होते आणि दिव्याला त्याचे काहीएक वाटत नव्हते.

"अगोबाई, भावोजी!" आई स्वयंपाकघरातून आल्या. "जिन्यात उभे का? गुडघे दुखतील. आत येऊ नका, पण बसा तरी!" आणि त्यांनी दाराआडची घडीची खुर्ची ओढून काढली व बाहेर नेऊन जिन्यात मांडली.

दिवा गेला.

मागच्या खोलीत आवाज थांबला.

माणसाचे सर्वस्व बुडत असताना त्याला आनंद होणे शोभत नाही; पण कशावरूनरावांना झाला. कारण काका अद्याप उंबऱ्याबाहेर होते. घरात आलेच नव्हते. म्हणजे काका नव्हेत! मघाशी काका होते आणि दिवा होता; आता काका होते आणि दिवा नव्हता. मध्ये बदलले ते एकच. ते झेप घेऊन बोळाच्या दाराशी गेले. खुर्चीचा अडसर निघालेले दार आपल्या स्वभावाने पार भिंतीपर्यंत रेलले होते, आणि त्याची पितळी मूठ भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत खोचलेल्या प्लगवर बरोबर टेकली होती. प्लग एका अंगाला वाकला होता.

त्यांनी दार ओढले. प्लग सरळ झाला. हिरवा दिवा लागला.

"आजी, जरा पुन्हा सांगता का, कळ हातात उतरते का?" मागच्या खोलीतून पत्नीचा आवाज आला. सुदैवाने त्याच वेळी डॉक्टर आपला चष्मा शोधत होते आणि मधला खंड त्यांच्या लक्षातच आला नाही.

कशावरूनराव दाराआड शिरले आणि पाठीने दार थोपवून उभे राहिले, जिथे खुर्ची उभी असे तिथेच. प्लग त्यांच्या बरगडीशी होता. आता त्यांच्या मनात एक भयंकर मोह उत्पन्न झाला. एकदा पाहिलेले प्रमाण नव्हे. दार पुन्हा सोडून दिवा पुन्हा जातो का, हे पाहणे शास्त्रशुद्ध होते. त्यांचा हात मुठीकडे गेलाही. मग मागून आजीबाई बऱ्या होण्याबद्दल काहीतरी बोलताना ऐकू आल्या, आणि कशावरूनरावांनी हात मागे घेतला. संसारासाठी त्यांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या. पडताळा सोडण्याची ही पहिलीच वेळ.

"अरे, तू दाराआड काय करतोस?" काकांनी जिन्यातून विचारले.

"खुर्चीचं काम करतोय, काका," कशावरूनराव दाराआडून म्हणाले.

संभाषण शेवटपर्यंत गेले. पत्नी बाहेर आली ती घामाने ओली आणि चेहऱ्याने उजळलेली. कशावरूनरावांनी तिला काही विचारले नाही. ते दाराआडून निघाले, दार सोडले. दिवा गेला. दार ओढले. आला. सोडले, गेला. ओढले, आला. समाधानाने त्यांनी आणखी एकदा सोडले.

"अहो, थांबा!" पत्नी मागच्या खोलीतून किंचाळली, ती केव्हा आत गेली हे त्यांना कळलेच नव्हते. "निकाल सांगताहेत! 'आपली निवड' इथपर्यंत आले आणि तुम्ही कापलंत!"

कशावरूनरावांनी दार ओढले. इतक्या हळुवारपणे त्यांनी आजवर कशालाच हात लावला नव्हता. मग मागच्या खोलीतून आवाज आला. दोन अक्षरांचाच, पण साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असा.

"झाली!"

आई बाहेर धावल्या आणि काकांना हाताला धरून आत घेऊन आल्या. काका आरामखुर्चीत बसले. घडीची खुर्ची बाहेरून येऊन आपल्या जागी गेली. कशावरूनराव स्टूल घेऊन काकांच्या उजव्या हाताला बसले. दिवा हिरवाच होता. काकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले, मग कशावरूनरावांकडे.

"म्हणजे माझं त्यात काहीच नव्हतं?"

"नाही, काका."

"अगदीच?" काकांच्या आवाजात सुटकेबरोबर थोडी निराशाही होती. यंत्रे आपल्याला बिचकतात, ही कल्पना एव्हाना त्यांना आवडू लागली असावी. "मग होतं तरी काय? नीट सांग. उजव्या कानात सांग."

कशावरूनराव पुढे वाकले आणि काकांच्या उजव्या कानात त्यांनी स्पष्ट, सावकाश सांगितले :

"तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही आलात की मी दाराआडची खुर्ची काढून तुमच्या उजवीकडे बसायचो. खुर्ची निघाली की दार भिंतीला टेकायचं. दार टेकलं की त्याची मूठ वायरीच्या प्लगवर बसायची आणि प्लग वाकून सुटायचा. पेटी तिथे मी बसवली होती."